द्वेषाचा उगम आणि कायद्याचा दंड

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत भगवान बुद्धांच्या धम्मावर, परमपूज्य बाबासाहेबांच्या जीवनकार्यावर आणि विहाराच्या वाटचालीवर मान्यवरांचे लेख आहेतच. आम्ही मात्र जरा वेगळा विषय हाती घेतला आहे. रविवारची वंदना आटोपली, सतरंजी गुंडाळायच्या आत वडीलधारी मंडळी आणि तरुण पोरं यांच्यात हमखास एक वाद रंगतो. एक बाजू म्हणते, "कायद्यानं कुणाच्या मनातली जात गेलीय का? मग शिक्षा करून उपयोग काय?" दुसरी बाजू म्हणते, "कायदा नसता ना, तर आज आपण इथं असे बसलोच नसतो." दोन्ही बाजू आपल्याच माणसांच्या आणि दोन्हींच्या बोलण्यात तथ्य आहे. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात न देता इतिहासात शोधावे, असे आम्हांस वाटते. त्यासाठी फार लांब जायला नको. परळ, लालबाग, दादर, नायगाव, वरळी हा आपलाच परिसर पुरेसा आहे.

माठ एकच, अडाणी कोण?

द्वेष हा अडाणीपणातून येतो, शिक्षण वाढले की तो आपोआप जाईल, असे आपल्याला शाळेपासून सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. बाबासाहेब लहानपणी परळला राहून एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते. मास्तरांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले, तेव्हा वर्गातली मुले धावत सुटली. कारण फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. भीमरावाची सावली डब्यांवर पडण्याआधी ते हलवायचे होते! ही मुले मुंबईतल्या सुशिक्षित घरांतली होती.

पुढे कोलंबिया विद्यापीठातील शिक्षण संपवून आणि लंडनला जाऊन आलेले बाबासाहेब १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यार्थी त्यांच्या तासाला गर्दी करीत. पण प्राध्यापकांच्या खोलीत पाण्याचा एक माठ होता आणि त्या माठातले पाणी या विद्वान सहकाऱ्याने घेऊ नये, असा आक्षेप काही प्राध्यापकांनी घेतला. सही करता न येणारा माणूस आणि पदव्यांची माळ असलेला प्राध्यापक माठापाशी आले की सारखेच वागत होते. तेव्हा द्वेषाचे मूळ पाटी-पेन्सिलीच्या अभावात नाही. ते दुसरीकडे कुठेतरी आहे.

उगम कुठे?

या "कुठेतरी"चा शोध बाबासाहेबांनी आयुष्यभर घेतला. मे १९१६ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींविषयी निबंध वाचला. जातीचा कणा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, आणि वरच्यांचे अनुकरण करीत ही रीत खालपर्यंत झिरपत गेली, असे त्यांनी त्यात मांडले. म्हणजे द्वेष हा आईच्या पोटातून येत नाही. तो बघून बघून शिकला जातो. घरातली म्हातारी एखाद्याला वरून पाणी वाढते, लेकरू बघते, आणि उद्या तेही तसेच वाढते. त्याला कोणी "द्वेष कर" असे सांगितलेले नसते.

१९४८ मध्ये त्यांचा अस्पृश्यांच्या मुळाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अस्पृश्यता वंशभेदातून किंवा घाणेरड्या धंद्यांतून आली, हे प्रचलित मत त्यांनी खोडून काढले. गावाबाहेर राहणारे पराभूत, विखुरलेले लोक बौद्ध होते. त्यांनी ब्राह्मणांना मान दिला नाही आणि गोमांसही सोडले नाही, म्हणून त्यांच्याविषयी तिरस्कार रुजला, आणि हे साधारण इसवी सन ४०० च्या सुमारास घडले, असा त्यांचा सिद्धान्त आहे. सगळ्या इतिहासकारांनी तो मान्य केला आहे असे नाही. पण त्यातली एक गोष्ट आपण पक्की लक्षात ठेवावी. ज्या गोष्टीला सुरुवात आहे, तिला शेवटही असू शकतो. अस्पृश्यता सनातन असती तर तिच्याविरुद्ध लढण्यात काही अर्थच नव्हता.

जातिव्यवस्थेची उतरंड बाबासाहेबांनी आणखी एका अंगाने समजावून दिली. वर जावे तसा मान वाढतो, खाली यावे तसा तिरस्कार वाढतो. मधल्या प्रत्येकाला डोक्यावर लाथ बसते, पण पायाखाली द्यायला कोणीतरी असतेच. म्हणून वरच्याचा राग येऊनसुद्धा उतरंड मोडायला कोणी पुढे येत नाही.

भगवान बुद्धांनी अकुशलाची तीन मुळे सांगितली आहेत : लोभ, द्वेष आणि मोह. द्वेष एकटा कधीच नसतो. एका बाजूला त्याचा हात लोभाने धरलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला मोहाने, म्हणजे अज्ञानाने. हे केवळ प्रवचनातले बोलणे नाही. आपल्या गिरण्यांमध्ये ते अगदी डोळ्यांनी दिसत होते.

साळखात्याचा धोटा

गिरणगावात ज्यांच्या घरी गिरणीचे तिकीट होते, त्यांना साळखाते म्हणजे काय ते सांगायला नको. नव्या पिढीसाठी थोडे सांगतो. गिरणीत सूत काढण्याचे खाते वेगळे आणि कापड विणण्याचे वेगळे. विणण्याचे ते साळखाते. तिथे साच्यावर काम करणाऱ्याला इतर बऱ्याच खात्यांपेक्षा जास्त मजुरी मिळे. आपल्या माणसांना सूतखात्यात, रिंगवर, झाडलोटीवर, हमालीवर घेत. साळखात्याचे दार मात्र बंद.

कारण काय सांगत? साच्यावरच्या धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी आणि धोट्याच्या बारीक भोकातून सुताचे टोक तोंडाने ओढून बाहेर काढी. तोच धोटा पुढच्या पाळीच्या कामगाराच्या तोंडाला लागे. म्हणून अस्पृश्य कामगार साच्यावर आला तर आमच्या तोंडाला विटाळ होईल, असे स्पृश्य कामगारांचे म्हणणे.

इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांतही धोटा असाच तोंडाने ओढीत. तिथेही त्यावर आक्षेप घेतला गेला, पण तो रोगाच्या भीतीने. एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात जाते, क्षय पसरेल, ही पद्धतच बंद करा, असे ते म्हणत. आपल्याकडे थुंकी चालत होती, कोणाची ते बघितले जात होते. क्षयाने खंगलेल्या जातवाल्याचा धोटा चालेल, पण धडधाकट महाराचा नको! याला मोह म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

आणि लोभ? तो पगाराच्या पाकिटात होता. गिरणीत भरती जॉबरच्या हातात असे. जॉबर आपल्या गावचे, आपल्या भावकीतले लोक लावून घेई. साळखात्याची चांगल्या मजुरीची जागा आपल्याच माणसांत राहावी, यासाठी विटाळाइतके स्वस्त कुलूप दुसरे नव्हते.

१९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांचा सहा महिने चाललेला मोठा संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते. अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क ही मागणीही संपाच्या मागण्यांत घाला, असा आग्रह बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांकडे धरला. पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच घेतली. ती मालकांपुढे गेली तेव्हा मालकांनी जे उत्तर दिले ते विचार करण्यासारखे आहे. हा अन्याय असेल तर तो आमचा नाही, असे ते म्हणाले. म्हणजे मालक कामगारांकडे बोट दाखवणार, कामगार धर्माकडे बोट दाखवणार, आणि आपला माणूस साळखात्याच्या दाराबाहेर उभा तो उभाच. त्या वेळी असा कोणताही कायदा नव्हता की ज्याच्या जोरावर त्याला ते दार उघडता आले असते.

दंड नसलेला ठराव

कायद्याचा विषय निघाला की दादरच्या एका माणसाचे नाव घेतलेच पाहिजे. पश्चिमेला ज्यांच्या नावाचा रस्ता आहे, ते रावबहादूर सीताराम केशव बोले. भंडारी समाजाचे हे पुढारी सत्यशोधकी विचारांचे होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव.

ठराव उत्तम, पण न पाळल्यास काय, याचे उत्तर त्यात नव्हते. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले केल्याचे कागदावर लिहिले. तळ्यावर मात्र कोणी अस्पृश्य फिरकू शकला नाही. तेव्हा ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी दुसरा ठराव आणला की, ज्या नगरपालिका हे पाळणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करा. कागदाला धार लागण्याची ती सुरुवात होती.

नंतरचा इतिहास आपल्या घराघरांत पाठ आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच दिवशी आपल्या लोकांवर हल्ला झाला. पुढे तळ्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते "शुद्ध" करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा आपल्या बाजूचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडले. म्हणजे एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षे!

यातून दोन धडे मिळतात. ज्या हक्कामागे दंड नाही तो भिंतीवर टांगलेल्या तसबिरीसारखा असतो. आणि हक्क कागदावर असतो तोवर समाज शांत असतो, तो वापरायला निघालात की लपलेला द्वेष बाहेर येतो. म्हणून "कायद्यामुळे तेढ वाढते" असे कोणी म्हणाले तर त्याला विचारावे, १९२६ साली महाड शांत होते ते प्रेमामुळे की आपण तहानलेले राहिलो म्हणून?

पन्नास रुपयांची किंमत

स्वातंत्र्यानंतर २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले. आजचे ते कलम १७. मूलभूत हक्कांच्या इतर बहुतेक कलमांहून ते एका बाबतीत निराळे आहे. अस्पृश्यतेतून लादलेली अपात्रता हा कायद्याने शिक्षेस पात्र गुन्हा राहील, असे त्यातच लिहिले आहे. कलम सरकारपुरते बोलत नाही. हॉटेलवाला, दुकानदार, शेजारी, सगळ्यांना ते लागू आहे.

त्यानुसार अस्पृश्यता (अपराध) कायदा १ जून १९५५ पासून अमलात आला. शिक्षा होती जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कमीत कमी किती, ते नव्हते. शिवाय गुन्हा आपसांत मिटवता येई. गावात आपसांत मिटवणे म्हणजे काय असते, हे गावाकडून मुंबईला आलेल्या माणसाला सांगायला हवे का?

१९७२ मध्ये मराठवाड्यातील ब्राह्मणगावला दलित स्त्रियांची विटंबना झाली. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. १५ ऑगस्ट १९७२ च्या "साधना"च्या अंकात राजा ढाले यांनी जो लेख लिहिला त्याने महाराष्ट्र हादरला. राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर तीनशे रुपये दंड आणि दलित स्त्रीचे लुगडे फेडले तर पन्नास रुपये, हा हिशेब त्यांनी मांडला होता. त्यांच्या भाषेवर पुष्कळ गदारोळ झाला. हिशेबावर मात्र फार थोडे बोलले. दंडाची रक्कम ही माणसाच्या अब्रूची सरकारी किंमत असते, हे त्या लेखाने दाखवून दिले.

१९७६ मध्ये कायदा बदलला. त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले, किमान एक महिना कैद आली, आपसांत मिटवण्याची सोय गेली. आणखी एक दुरुस्ती झाली, तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. पूर्वीच्या कायद्यात व्यवसाय, धंदा, व्यापार यांत आडकाठी करणे हा गुन्हा होता. आता त्यात "नोकरी" हा शब्द स्पष्टपणे आला. १९२८ साली बाबासाहेबांनी गिरणी पुढाऱ्यांपुढे ठेवलेली मागणी कायद्याच्या पुस्तकात इतक्या सरळ शब्दांत यायला ४८ वर्षे लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा शेवटचा मोठा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावच उठले. कायद्याला साळखात्याचे दार दिसले तेव्हा साळखातेच उठून जायला सहा वर्षे उरली होती.

वरळी, नायगाव, परळ

कायदे होत होते आणि चाळी शेजारी-शेजारी नांदत होत्या. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या बी.डी.डी. चाळी म्हणजे वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून दोनशेहून अधिक इमारती. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सार्वजनिक संडास. गरिबी सगळ्यांची एकच, नळही एकच. तरीही इमारती बहुतेक जातवारीने ओळखल्या जात.

५ जानेवारी १९७४ रोजी वरळीत पँथरची सभा उधळली गेली, दगडफेक झाली, पोलिसांनी आपल्या लोकांवर लाठ्या चालवल्या. दंगल कितीतरी दिवस धुमसत राहिली. १० जानेवारीला निषेधाचा मोर्चा परळमधून जात असताना वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता ठार झाला. न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला गेला. पण आपल्या दृष्टीने खरा प्रश्न आयोगाच्या पलीकडचा होता. कायदा चालवायचा कोणी? ज्याच्या हाती लाठी आहे त्याच्याच मनात जात असेल तर काय?

या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने केला. तो ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. आपण त्याला "ॲट्रॉसिटी" म्हणतो. त्यात विशेष न्यायालये आली, अटकपूर्व जामीन बंद झाला, आणि आपले कर्तव्य मुद्दाम न करणाऱ्या सरकारी नोकरालाही शिक्षा आली.

तरीही एक अडचण राहिली. गुन्हा जातीच्या द्वेषातून झाला, हे सिद्ध कसे करायचे? २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीला एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. आरोपींना खुनासाठी शिक्षा झाली, पण खालच्या कोर्टाने आणि पुढे उच्च न्यायालयानेही ॲट्रॉसिटी लागू झाल्याचे मानले नाही. मन उघडून दाखवता येत नाही, आणि कोर्टाला पुरावा लागतो. २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ही अट सैल केली. गंभीर गुन्ह्यांत समोरची व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे आरोपीला ठाऊक होते, एवढे पुरेसे धरले. म्हणजे कायदा हळूहळू शहाणा होत गेला. मनात काय होते हे खोदत बसण्यापेक्षा हाताने काय केले, कोणाला केले, हे बघू लागला.

बोलण्याला शिक्षा करावी काय?

इथे आपली तरुण मंडळी विचारतील, "मग नुसतं विष ओकणाऱ्यांचं काय? त्यांनाही आत टाका." समाजासमाजांत वैर पसरवणाऱ्या शब्दांना शिक्षा करणारे कलम इंग्रजांनी १८९८ साली भारतीय दंडविधानात घातले. तेच १५३ अ. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ते १९६ क्रमांकाने आले आहे. १९२७ साली धार्मिक भावना दुखावण्याविरुद्धचे २९५ अ आले. कलमे जुनी आहेत. पण ती कोणावर चालतात हे बघावे लागते.

१९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा चौथा खंड काढला. त्यातील राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टामुळे भावना दुखावल्या, अशी ओरड झाली. १९८८ च्या सुरुवातीला अमरावतीत ग्रंथाची होळी झाली, मुंबईत विरोधी मोर्चा निघाला, आणि ते परिशिष्ट गाळण्याची तयारी शासनाने दाखवली. तेव्हा ५ फेब्रुवारी १९८८ रोजी आपले लोक लाखोंनी मुंबईच्या रस्त्यावर उतरले. कित्येकांनी घरून बांधून आणलेली भाकरी फुटपाथवर बसून खाल्ली. शेवटी, या मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशी टीप घालून मजकूर कायम राहिला. मोर्चानंतर हुतात्मा चौक धुऊन "शुद्ध" करण्याचा प्रकार घडला! महाडच्या तळ्यापासून फोर्टच्या चौकापर्यंत ६१ वर्षे गेली होती. मध्ये संविधान आले, कायदा आला, आणि घागर होती तिथेच होती.

यावरून आम्हांस असे वाटते की, दुखावलेल्या भावनांसाठी शिक्षा मागताना दहा वेळा विचार करावा. धर्मग्रंथांची कठोर चिकित्सा ही बाबासाहेबांची पद्धत होती. चिकित्सेला द्वेष ठरवणारा कायदा सर्वांत आधी आपल्याच कपाटातल्या पुस्तकांवर हात टाकील. ग्रंथाची चिकित्सा वेगळी आणि माणसाला जातीवरून सर्वांसमोर हिणवणे, धमकावणे, त्याच्यावर जमाव घालणे वेगळे. पहिल्याला उत्तर लेखणीने द्यावे. दुसऱ्याला दंडच हवा.

दोन्ही गोष्टी बाबासाहेबांच्याच

आता सुरुवातीच्या वादाकडे येऊ. कायद्याने मन बदलत नाही, हे म्हणणाऱ्यांच्या बाजूने खुद्द बाबासाहेब उभे आहेत. १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील निबंधात, जात ही मनाची अवस्था आहे असे त्यांनी दाखवून दिले. जानेवारी १९४३ मध्ये पुण्याला न्यायमूर्ती रानडे यांच्यावरील व्याख्यानात त्यांनी सांगितले की, हक्कांचे रक्षण शेवटी समाजाची सदसद्विवेकबुद्धी करते. सगळा समाजच विरोधात असेल तर एकटा कायदा पुरा पडत नाही. आणि तरीसुद्धा, ज्या संविधानात अस्पृश्यता हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरला, त्याच्या मसुदा समितीचे अध्यक्षही बाबासाहेबच होते.

यात विसंगती आहे का? आम्हांस तसे वाटत नाही. द्वेष अनुकरणाने शिकला जातो, हे त्यांनीच १९१६ मध्ये सांगितले होते. मग लेकराने जे बघून शिकायचे तेच बंद केले तर? हॉटेलात वेगळा कप ठेवला तर कैद होते, असे कळल्यावर मालक भीतीने का होईना, कप एक करतो. त्याच्या मनातला विटाळ जात नाही. पण त्याचा मुलगा लहानपणापासून एकच कप बघत वाढतो. बापाचा हात कायद्याने धरला, त्यामुळे मुलाच्या मनाला शिकायला काही मिळाले नाही. कायदा मनापर्यंत जातो तो असा, एका पिढीचा वळसा घेऊन. अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंगही असेच काहीसे सांगत. कायदा मला प्रेम मिळवून देणार नाही, पण माझा जीव घेणाऱ्याला तो अडवू शकतो, आणि तेही काही कमी नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

म्हणूनच दंडाची धार बोथट करण्याचा प्रयत्न झाला की आपण जागे राहिले पाहिजे. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, ॲट्रॉसिटीच्या अटकेवर अटी घातल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला, ऑगस्टमध्ये संसदेने कायदा पूर्ववत केला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली. खोट्या तक्रारींची ओरड होते. खोटी तक्रार कोणत्याही कायद्याखाली होऊ शकते, आणि ती कोणी करू नये, हे आपणही आपल्या माणसांना बजावून सांगावे. पण २०२२ या एका वर्षात देशभरात अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे ५७ हजारांहून अधिक गुन्हे नोंदले गेले, हेही सांगावे.

आता द्वेषाचे रूपही बदलले आहे. माठ गेला, धोटा गेला. आता भाड्याने खोली बघायला गेले की आडनाव विचारतात. आडनावावरून कळले नाही तर "गाव कुठलं?", "घरात फोटो कोणाचा लावता?" असे आडून विचारतात आणि संध्याकाळी फोन येतो, "खोली गेली हो." इथे पुरावा काय देणार? बी.डी.डी. चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. पूर्वी इमारतीला जात होती, उद्या तिथे लिफ्टमध्ये शेजारी कसे वागतील ते पाहायचे आहे. दादरच्या राजगृहासारख्या वास्तूचीही ७ जुलै २०२० रोजी तोडफोड झालीच.

आपले काम

कायदा चालतो तो साक्षीदारावर. तक्रार करणारा एकटा पडला, साक्षीदार फिरला, की उत्तम कायदाही लुळा पडतो. आपल्या वस्तीत कोणावर प्रसंग आला तर त्याच्याबरोबर पोलीस स्टेशनला दहा माणसांनी जावे, प्रथम खबरीची प्रत मागून घ्यावी, तपास सहायक पोलीस आयुक्ताच्या दर्जाचा अधिकारी करतो आहे ना ते बघावे, आणि तारखेला कोर्टात हजर राहावे. विहारातल्या तरुणांनी एवढे शिकून घेतले तरी मोठे काम होईल.

दुसरे काम घरातले आहे आणि ते कोणत्याही पोलिसाच्या हातात नाही. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेला जमलेल्या आपल्या लाखो लोकांनी दादरच्या चौपाटीवर, त्यांच्या चितेजवळ, भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली. त्या दिवशी पोटजाती तिथेच जळाल्या असे धरायला हवे. मग आजही सोयरिकीच्या वेळी "कोकणातले की देशावरचे?", "कोणत्या पोटजातीचे?" हे कुजबुजत का विचारले जाते? मातंग, चर्मकार, वाल्मीकी बांधवांच्या घरचा चहा घेताना कोणाचा हात अडखळतो का? उतरंडीत मधल्याला पायाखाली कोणीतरी हवे असते, हे बाबासाहेबांनी सांगितले ते इतरांपुरते नव्हते.

तेव्हा "कायदा की मनपरिवर्तन" हा वाद आता आवरता घ्यावा, असे आम्ही सुचवतो. हात उगारला, दार बंद केले, बहिष्कार टाकला, तर दंड व्हावाच आणि त्यात दयामाया नको. मनात जे आहे त्याला तुरुंग नाही. तिथे शील, मैत्री आणि प्रज्ञा यांचेच काम आहे, आणि ते काम विहाराचे आहे. म्हणूनच येत्या वर्षात आपल्या विहारात दर महिन्याला एक रविवार कायद्याच्या माहितीसाठी ठेवावा, आणि त्याला वस्तीतल्या सर्व जातींच्या शेजाऱ्यांना आवर्जून बोलवावे. चहा एकाच किटलीतला असेल, हे सांगायला नकोच.

नमो बुद्धाय! जय भीम!